खासबाग आणि पॅलेस थिएटर

कुस्ती आणि नाटक हीं कोल्हापूरकरांचीं दोन जुनीं वेडें होत. परंतु वेडाला आश्रयस्थान नसेल तर तें एका पिढीबरोबर विरून जातें. हें ओळखून शाहू छत्रपतींनीं शहराच्या ऐन मध्यवस्तींत, खासबागेच्या परिसरांत, दोन्ही वेडांना कायमचीं घरें बांधून दिलीं, आणि तींही पाठीला पाठ लावून.

इ. स. १९०२ मध्यें महाराज सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठीं विलायतेस गेले होते. त्या प्रवासांत रोम येथील प्राचीन वर्तुळाकार क्रीडागार त्यांनीं पाहिलें. परतल्यावर त्याच कल्पनेवर कुस्तीचें मैदान उभारण्याचें त्यांच्या मनानें घेतलें. मध्यें मातीचा हौदा आणि भोंवतीं चढत गेलेली उतरती जमीन, अशी त्याची रचना. तेथें खुर्च्यांचा थाट नाहीं. पण मागें बसलेल्या खेडुतालाही पुढें बसलेल्या सरदाराइतकीच कुस्ती स्पष्ट दिसते. १९१२ सालीं तें मैदान खुलें झालें, तेव्हां जगविख्यात गामांचे बंधू इमामबक्ष यांची कुस्ती तेथें झाली.

नाटकाची गरज निराळी होती. त्या काळीं नाटकमंडळ्या गांवोगांव फिरत आणि कोठें वाड्याच्या चौकांत, कोठें लांकूड, पत्रा व तरट यांच्या तात्पुरत्या मांडवांत आपले प्रयोग करीत. पावसाळा आला कीं खेळ बुडे. मागच्या रांगेस नटाचा शब्द ऐकूं येई न येई. १९१५ सालीं पॅलेस थिएटर उभें राहिलें आणि कोल्हापुरापुरती ही अडचण सरली. रंगमंच प्रशस्त, प्रेक्षागृहांत दृष्टीच्या आड येणारा खांब नाहीं. नटाला एकदां असें घर लाभलें म्हणजे त्याच्या कलेचा कस लागतो आणि प्रेक्षकही चोखंदळ होतो.

कोल्हापूरचेच केशवराव भोसले हे या परंपरेचे मानकरी. बालवयांतच ‘शारदा’ नाटकांतील नायिकेच्या भूमिकेनें त्यांचें नांव झालें, आणि १९०८ सालीं वयाच्या अठराव्या वर्षाच्या आंतच त्यांनीं हुबळी येथें ‘ललितकलादर्श’ मंडळी काढली. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईंत टिळक स्वराज्य फंडासाठीं बालगंधर्वांसह त्यांनीं ‘संयुक्त मानापमान’ केलें. आणि तीनच महिन्यांनीं, एकतिसाव्या वर्षीं, ते निवर्तले. स्वातंत्र्यानंतरच्या काळांत पॅलेस थिएटरला त्यांचेंच नांव देण्यांत आलें. नाटकाचे पडदे रंगविणारे बाबूराव पेंटर याच शहरांत चित्रपटाकडे वळले, व १९२० सालीं त्यांचा ‘सैरंध्री’ हा मूकपट प्रसिद्ध झाला. एका कलेच्या आश्रयाला दुसरी कशी वाढते, याचा हा दाखला होय.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं हें नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलें. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा होता. जळत्या वास्तूपुढें कित्येक कलावंतांना अश्रू आवरले नाहींत. शंभरांहून अधिक वर्षें ज्या जागेनें आनंद दिला ती एका रात्रींत काळवंडली, आणि मग तिचें मोल सर्वांना नव्यानें कळलें. नाट्यगृह पुन्हां पूर्वीसारखें उभारण्याचा संकल्प लागलीच जाहीर झाला, हें योग्यच झालें.

मात्र राजानें बांधलेली वास्तु राजाच्या खजिन्यावर चाले. लोकांच्या हातीं आलेली वास्तु लोकांच्या दक्षतेवर चालते. जुन्या लांकडाची आणि विजेच्या तारांची देखरेख हें प्रेक्षकाच्या नजरेस न येणारें काम आहे. त्याला टाळ्या पडत नाहींत. तरीही नाट्यगृहाचें आयुष्य नटाच्या गळ्याइतकेंच या कामावर अवलंबून असतें. शाहू महाराजांनीं शहराला दोन घरें दिलीं. तीं राखणें हें शहराचें काम आहे.