एकाच मापाचं पातं

उर्दूत ‘उस्तरा’ आणि मराठीत ‘वस्तरा’, फारसीतून आलेला एकच शब्द. फितरतच्या हदीसमध्ये ‘इस्तिहदाद’ येतो. त्याचं मूळ ‘हदीद’, म्हणजे लोखंड. तरीही दाढी राखणारा माणूस जुने सेफ्टी रेझर जमवतो याचं लोकांना हसू येतं. गालावरचं खत सरळ ठेवायला मी तेच वापरतो. दाब द्यायचा नाही, रेझरच्या वजनानंच पातं चालतं.

पण मला जास्त ओढ आहे ती त्यांच्या इतिहासाची. किंग कॅम्प जिलेट हा अमेरिकेतला फिरता विक्रेता. १८९४ साली त्यानं ‘द ह्युमन ड्रिफ्ट’ नावाचं पुस्तक लिहिलं. स्पर्धा हेच सगळ्या दुःखाचं मूळ, म्हणून सारे उद्योग जनतेच्या मालकीच्या एकाच कंपनीकडे असावेत, असं त्यात मांडलं. पुढच्याच वर्षी त्याला वापरून फेकायच्या पात्याची कल्पना सुचली. इतक्या पातळ पोलादाला धार टिकणार नाही, असं जाणकार म्हणत. विल्यम निकरसन या इंजिनिअरनं ते जमवून दाखवलं. १९०३ साली ५१ रेझर आणि १६८ पाती विकली गेली. १९०४ मध्ये पेटंट मिळालं आणि त्या वर्षी विक्री ९० हजार रेझरांच्या वर गेली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारनं सैनिकांसाठी ३५ लाख रेझर घेतले. सैनिक घरी परतले ते रोज स्वतःच्या हातानं दाढी करायची सवय घेऊन.

१९२१ मध्ये पेटंटची मुदत संपली. मग इतर कारखानेही तसेच रेझर आणि तशीच पाती काढू लागले. म्हणून आज कोपऱ्यावरच्या दुकानातलं साधं दुधारी पातं शंभर वर्षांपूर्वीच्या रेझरमध्येही बसतं. माझ्याकडच्या एका सुपर स्पीडच्या डोक्याखाली ‘झेड’ अक्षर आहे, म्हणजे तो १९५४ चा. तो अजून रोज चालतो. उलट हल्लीच्या कार्ट्रिजचं डोकं त्याच कंपनीच्या दांडीला बसतं. ते मिळेनासं झालं की दांडीही कचऱ्यात.

जिलेटला सगळं एका कंपनीच्या हाती हवं होतं. त्याचा रेझर मात्र टिकला तो पातं कुणा एकाचं राहिलं नाही म्हणून. जुनी वस्तू विकत घेताना मी आता चकाकी नंतर पाहतो. तिला लागणारा भाग कुणीही बनवू शकतो का, हे आधी विचारतो.