हबल अवकाश दूरदर्शक

पृथ्वीभोवती सु. ६०० किमी. उंचीवरील कक्षेत १९९० मध्ये सोडण्यात आलेला परावर्तक दूरदर्शक. अमेरिकेची नासा ही संस्था व यूरोपीय अवकाश संस्था यांनी मिळून तो उभारला. अमेरिकन ज्योतिर्विद एडविन पॉवेल हबल (१८८९–१९५३) यांचे नाव त्याला देण्यात आले आहे. त्याच्या मुख्य आरशाचा व्यास २.४ मी. आहे, म्हणजे हबल यांनी मौंट विल्सन वेधशाळेत वापरलेल्या २५४ सेंमी. व्यासाच्या आरशापेक्षा तो किंचित लहानच आहे. त्याचे सामर्थ्य आकारात नसून स्थानात आहे.

पूर्वपीठिका : वातावरणातील हालचालींमुळे ताऱ्यांचे प्रकाशकिरण सतत विचलित होतात. त्यामुळे मोठ्या दूरदर्शकातूनही सु. १ विकलेहून (अंशाच्या ३,६०० व्या भागाहून) बारीक तपशील सहसा दिसत नाही. शिवाय जंबुपार (दृश्य वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) प्रारणाचा बराच भाग वातावरणात शोषला जातो. या अडचणींवर वातावरणाबाहेरील वेधशाळा हाच उपाय आहे, असे लायमन स्पिट्झर यांनी १९४६ मध्ये एका अहवालात सविस्तर मांडले. १९७७ मध्ये अमेरिकन काँग्रेसने या प्रकल्पासाठी निधी मंजूर केला. जानेवारी १९८६ मधील चॅलेंजर यानाच्या अपघातामुळे उड्डाण लांबले व अखेर २४ एप्रिल १९९० रोजी डिस्कव्हरी या यानातून दूरदर्शक अवकाशात नेण्यात आला.

दोष व दुरुस्ती : दोन महिन्यांतच प्रतिमा अपेक्षेप्रमाणे रेखीव नाहीत, असे आढळून आले. आरशाला अत्यंत काटेकोरपणे झिलई देण्यात आली होती. परंतु ती चुकीच्या आकाराला. कडेला तो सु. २.२ मायक्रॉन (१ मायक्रॉन = १ मिमी.चा हजारावा भाग) अधिक सपाट झाला होता. त्यामुळे गोलीय विपथन (आरशाच्या निरनिराळ्या भागांवरून परावर्तित झालेले किरण एकाच बिंदूत न मिळणे) निर्माण झाले. आरशाचा आकार तपासणाऱ्या उपकरणातील एक भिंग सु. १.३ मिमी. चुकीच्या जागी बसविल्याने हे घडले होते. इतर चाचण्यांत दोषाची चिन्हे दिसली होती. मात्र त्या कमी अचूक समजून त्यांकडे दुर्लक्ष झाले, असे चौकशीत निष्पन्न झाले.

मुख्य आरसा बदलणे अशक्य होते. तथापि दोषाचे नेमके मान कळल्यामुळे त्याच्या उलट दोष असलेले छोटे आरसे किरणांच्या मार्गात बसविता येतील, हे स्पष्ट झाले. डिसेंबर १९९३ मध्ये एंडेव्हर यानातील अंतराळवीरांनी पाच अवकाशफेऱ्या करून अशा आरशांचा संच व नवा कॅमेरा बसविला. त्यानंतर प्रतिमा अपेक्षेइतक्या स्पष्ट मिळू लागल्या. १९९७, १९९९, २००२ व २००९ या वर्षीही दूरदर्शकाची दुरुस्ती करण्यात येऊन त्यावर नवी उपकरणे बसविण्यात आली.

विश्वाचे वय : दीर्घिका जितकी दूर तितकी ती अधिक वेगाने दूर जाते, हे हबल यांनी १९२९ मध्ये दाखविले. वेग व अंतर यांच्या गुणोत्तरास हबल स्थिरांक म्हणतात व त्यावरून विश्वाच्या वयाचा अंदाज करता येतो. हबल यांनी काढलेले मूल्य दर मेगॅपार्सेकला (सु. ३२.६ लाख प्रकाशवर्षांना) सेकंदास सु. ५०० किमी. होते. ते खरे मानल्यास विश्वाचे वय सु. २ अब्ज वर्षे, म्हणजे पृथ्वीच्या वयापेक्षाही कमी ठरत होते. पुढे अंतरे सुधारली, तरी १९८० च्या सुमारास हे मूल्य ५० की १०० याविषयी ज्योतिर्विदांत तीव्र मतभेद होते. या वादाचा निर्णय लावणे हे या दूरदर्शकाचे एक प्रमुख उद्दिष्ट होते.

त्यासाठी सेफीड या चल ताऱ्यांचा उपयोग झाला. या ताऱ्यांची तेजस्विता त्यांच्या स्पंदनकालावरून कळते आणि तिची दृश्य तेजाशी तुलना केली असता अंतर मिळते. दुरुस्तीनंतर १९९४ मध्ये एम १०० या दीर्घिकेतील असे तारे सुटे ओळखता आले व तिचे अंतर सु. ५.६ कोटी प्रकाशवर्षे ठरले. अनेक दीर्घिकांच्या अशा मापनानंतर २००१ मध्ये वेंडी फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थिरांकाचे मूल्य ७२ (± ८) असल्याचे जाहीर केले. अतिदीप्त नवताऱ्यांच्या निरीक्षणांवरून विश्वाचे प्रसरण मंदावत नसून वाढत्या वेगाने होत आहे, असे १९९८ मध्ये दिसून आले होते. या शोधातही या दूरदर्शकाचे वेध उपयोगी पडले.

खोल आकाशाचे वेध : डिसेंबर १९९५ मध्ये सप्तर्षी तारकासमूहातील जवळजवळ रिकाम्या भासणाऱ्या एका लहानशा भागाकडे दूरदर्शक सलग दहा दिवस रोखण्यात आला. त्या चित्रात सु. ३,००० दीर्घिका आढळल्या. पुढे दक्षिण आकाशातही असे वेध घेण्यात आले. त्यांपैकी एका क्षेत्रातील सु. ९.३ अब्ज प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकेकडून येणारे तीव्र जंबुपार प्रारण ॲस्ट्रोसॅट (उड्डाण २०१५) या भारतीय उपग्रहाने टिपले. २०२० मध्ये जाहीर झालेल्या या संशोधनाचे नेतृत्व पुणे येथील आयुका या संस्थेतील ज्योतिर्विदांनी केले.

२०२१ मध्ये सोडण्यात आलेल्या जेम्स वेब या ६.५ मी. आरशाच्या अवरक्त दूरदर्शकाने हबलने मोजलेली सेफीड ताऱ्यांची अंतरे पडताळून पाहिली व ती योग्य ठरली. तरीही या ताऱ्यांच्या आधारे मिळणारे मूल्य सु. ७३, तर विश्वाच्या आद्य अवस्थेतील प्रारणावरून मिळणारे सु. ६७ येते. पूर्वीचा दुपटीचा फरक आता दहा टक्क्यांच्या आत आला आहे. परंतु मापने अचूक झाल्यामुळेच तो दुर्लक्षिता येत नाही. मापनात अद्याप काही त्रुटी आहे की विश्वाविषयीच्या सिद्धांतातच काही उणीव आहे, हा प्रश्न अनिर्णित आहे.