साताऱ्याहून परत पाठविलेला मुलगा आणि टोकियोचे विद्यापीठ

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही इतिहासविषयक लिहावे, असा विश्वस्त मंडळींचा आग्रह झाला तेव्हा प्रथम संकोच वाटला. माझे शिक्षण बी.कॉम. आणि सारे आयुष्य सांगलीत कापडाचे तागे उलगडण्यात व पुन्हा गुंडाळण्यात गेलेले. इतिहास संशोधकाचा अधिकार मला नाही. तथापि महर्षी अण्णासाहेब कर्वे यांच्या १९२९-३० च्या परदेशप्रवासाविषयी वाचताना, त्यातील एका मुक्कामाबद्दल आपल्याकडे फारसे बोलले जात नाही असे वाटत आले. तो मुक्काम म्हणजे टोकियो. तेथे एक शिक्षक आपल्या शाळेची थोरली बहीण पाहावयास गेला होता. दोन्ही संस्थांमध्ये कोणताही लेखी करार नव्हता. नाते होते ते टपालाने आलेल्या एका पुस्तिकेचे.

परंतु ही हकिकत टोकियोपासून नव्हे, आपल्या साताऱ्यापासून सुरू होते.

सन १८७५ चा सप्टेंबर महिना. दापोलीजवळच्या मुरुड गावचा धोंडो केशव कर्वे हा मुलगा मराठी सहावीची सरकारी परीक्षा देण्यासाठी साताऱ्यास निघाला. या परीक्षेवर पुढची नोकरी अवलंबून असे, आणि तीस बसण्यास वयाची सतरा वर्षे पूर्ण असावी लागत. धोंडोपंतांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, म्हणजे अट पुरी झालेली होती. पावसाळ्यात समुद्रमार्ग बंद. तेव्हा सोबत्यांबरोबर मुसळधार पावसात, सह्याद्रीचा घाट चढून, सुमारे ११० मैल पायी चालत ही मुले साताऱ्यास पोचली. आणि परीक्षा समितीच्या प्रमुखांनी मुलाकडे पाहून सांगितले की, हा सतरा वर्षांचा दिसत नाही. दाखला जवळ असूनही त्याचा उपयोग झाला नाही. मुलगा अंगाने लहानखुरा, म्हणून परीक्षेस बसू दिले नाही. पुढे वयाच्या पन्नाशीनंतर लिहिलेल्या ‘आत्मवृत्ता’त (१९१५) अण्णासाहेबांनी या निराशेचे वर्णन केले आहे. चाळीस वर्षांनीही तो सल गेला नव्हता, असे ते वाचताना वाटते.

त्यानंतरचे चरित्र बहुतेक वाचकांस ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. वयाच्या तेविसाव्या वर्षी मॅट्रिक, १८८४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन पदवी, १८९१ पासून १९१४ पर्यंत पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. पहिली पत्नी निवर्तल्यानंतर १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला व मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकले. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम, १९०० मध्ये आश्रम हिंगण्याच्या माळावर. कॉलेज सुटल्यावर पुण्याहून हिंगण्यास पायी जाणारे प्राध्यापक ही त्या काळच्या पुणेकरांच्या परिचयाची आकृती होती. साताऱ्यापर्यंत चाललेले ते पाय असे कामास आले.

आता जपानकडे वळू. तेथे जिन्झो नारुसे नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. योगायोग असा की त्यांचाही जन्म १८५८ चाच. मुलींच्या शाळेत शिकविणारा हा शिक्षक १८९० मध्ये अमेरिकेस गेला, तेथील स्त्रीशिक्षण पाहून १८९४ मध्ये परतला, आणि १८९६ मध्ये त्याने स्त्रीशिक्षणावर आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच वर्षी इकडे पुण्यात आश्रम निघत होता. दोघांना परस्परांची गंधवार्ताही नव्हती. १९०१ मध्ये नारुसे यांनी टोकियोच्या मेजिरो भागात जपानी महिला विद्यापीठ उघडले. गृहशास्त्र, जपानी साहित्य आणि इंग्रजी साहित्य असे तीन विभाग. स्त्रीस प्रथम माणूस म्हणून, मग स्त्री म्हणून आणि मग राष्ट्राचा घटक म्हणून शिक्षण द्यावयाचे, हा त्यांचा क्रम होता. त्यातील पहिल्या शब्दाचे महत्त्व मला फार वाटते.

या विद्यापीठाची माहिती देणारी इंग्रजी पुस्तिका अण्णासाहेबांच्या हाती पडली. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईस भरणाऱ्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि भाषणाची तयारी चालू असताना ती पुस्तिका त्यांनी लक्षपूर्वक वाचली. त्यांना जे हवे होते ते सारे तीत होते. मातृभाषेतून उच्च शिक्षण, मुलींच्या गरजांस अनुसरून विषय, आणि सरकारच्या तोंडाकडे न पाहता चालविलेली संस्था. अध्यक्षीय भाषणात त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ च्या जुलैत ते विद्यापीठ प्रत्यक्ष सुरूही झाले. विद्यार्थिनी पाच!

आमच्या धंद्यात नमुन्याची पट्टी पाहून माल मागविण्याची रीत आहे. पट्टी बोटात धरून, तिचा पोत पाहून व्यापारी गाठींची मागणी नोंदवितो. गिरणी पाहावयास कोण जातो? अण्णासाहेबांनी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी असा नमुन्यावर माल मागविला आणि गिरणी पाहावयास ते गेले चौदा वर्षांनी. धंद्याच्या हिशेबाने हे धाडसच होय.

या धाडसावर टीकाही पुष्कळ झाली. मुलींस वेगळे विद्यापीठ म्हणजे दुय्यम प्रतीचे शिक्षण, असे अनेक सुशिक्षितांचे म्हणणे होते आणि ते सर्वस्वी चूक होते असे मला म्हणवत नाही. या विद्यापीठाने आपल्या पदवीस ‘गृहीतागमा’ असे सुंदर संस्कृत नाव दिले. पण त्या नावामागे सरकारची मान्यता नव्हती. जी मुलगी गृहीतागमा झाली तिला सरकारी खात्यात किंवा अन्य विद्यापीठात ती पदवी दाखवून काही मिळण्याची शाश्वती नव्हती. अण्णासाहेबांना हे कळत नव्हते असे नाही. मान्यतेसाठी थांबलो तर एक पिढी घरात बसून राहील, असा त्यांचा हिशेब होता. थांबण्याची किंमत आणि न थांबण्याची किंमत, दोन्ही मुलींनीच मोजावयाची होती.

१९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी विद्यापीठास पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव विद्यापीठास लाभले. सर विठ्ठलदासांनी आपल्या जगप्रवासात जपानचे ते महिला विद्यापीठ स्वतः पाहिले होते. म्हणजे अण्णासाहेबांच्या आधी देणगीदारच मूळ नमुना पाहून आले! येथे एका कापड व्यापाऱ्यास थोडा अभिमान वाटला तर वाचकांनी क्षमा करावी. सर विठ्ठलदास हे कापडगिरण्यांचे मालक. तिकडे टोकियोत मेजिरोची जमीन दिली ती मित्सुई घराण्याने, आणि त्या घराण्याच्या भरभराटीचा प्रारंभ १६७३ मध्ये एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, काढलेल्या कापडाच्या दुकानापासून झाला. नारुसे यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या हिरोओका आसाको या व्यापारी बाई याच मित्सुईंच्या माहेरवाशीण.

मार्च १९२९ मध्ये, सत्तरी ओलांडलेले अण्णासाहेब मुंबईहून बोटीने निघाले. हिंगण्याच्या संस्थेस परदेश अगदीच नवा नव्हता. त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले याआधीच अमेरिकेस जाऊन, तेथे लोकांच्या घरी काम करून, इंग्रजी शिकून व संस्थेसाठी वर्गणी मिळवून आल्या होत्या. माझ्या मते तो प्रवास अण्णासाहेबांच्या प्रवासाहूनही अवघड होता. त्यावर स्वतंत्र लेख व्हावा. अण्णासाहेब इंग्लंडमध्ये माल्व्हर्न येथील प्राथमिक शिक्षकांच्या परिषदेस गेले, लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये हिंदुस्थानातील स्त्रीशिक्षणावर बोलले, जुलैअखेर जिनिव्हाच्या शिक्षणपरिषदेत त्यांनी आपल्या विद्यापीठाचा प्रयोग मांडला आणि ऑगस्टमध्ये डेन्मार्कमधील एल्सिनोर येथे जगभरच्या शिक्षकांच्या मेळाव्यात भाग घेतला. त्यांचे चिरंजीव दिनकर यांच्या पत्नी इरावतीबाई त्या काळात बर्लिनमध्ये मानववंशशास्त्राचा अभ्यास करीत होत्या. ज्या घराला विधवाविवाहासाठी वाळीत टाकले होते त्या घरची सून डॉक्टरेटसाठी जर्मनीत, हेही त्याच चरित्राचे पान.

मग अमेरिका. ठिकठिकाणी व्याख्याने, वर्गणी, आणि तेथून पॅसिफिक ओलांडून जपान.

टोकियोच्या महिला विद्यापीठात अण्णासाहेब पोचले तेव्हा नारुसे हयात नव्हते. १९१९ मध्येच त्यांचे निधन झाले होते. १९२३ च्या महाभूकंपाचा तडाखा बसलेली इमारत दुरुस्त करून संस्था पुन्हा उभी होती. एकाच वर्षी जन्मलेल्या या दोन शिक्षकांची भेट झाली असती तर, हा विचार मनात येऊन जातो. परंतु याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. १९३० मध्ये जपानच्या कायद्याच्या दृष्टीने ते विद्यापीठ विद्यापीठ नव्हतेच! १९०४ पासून सरकारदरबारी त्याची नोंद विशेष शिक्षणाची शाळा अशी होती. १९१८ मध्ये तेथे विद्यापीठांचा नवा कायदा झाला. त्यानेही स्त्रियांच्या विद्यापीठास जागा दिली नाही. नाव विद्यापीठ, काम विद्यापीठाचे, शिक्का मात्र नाही. ज्या थोरल्या बहिणीकडे पाहून पुण्यात धाकटी उभी राहिली, तिचीही अवस्था नेमकी तीच होती.

एप्रिल १९३० मध्ये अण्णासाहेब परतले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुन्हा आफ्रिकेस निघाले. केनिया, युगांडा, टांगानिका, झांझिबार, दक्षिण आफ्रिका. सुमारे सव्वा वर्ष वर्गणीसाठी फिरले. टोकियोच्या संस्थेस कायदेशीर विद्यापीठाचा दर्जा १९४८ मध्ये मिळाला. आपल्याकडे मुंबई सरकारने १९४९ मध्ये कायदा केला आणि १९५१ पासून श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ वैधानिक झाले. सतराव्या वर्षी चेहऱ्यावरून नाकारलेल्या त्या मुलाचे वय तेव्हा त्र्याण्णव होते. हिंगण्याच्या संस्थेच्या कन्याशाळा आज सातारा आणि वाई येथे चालू आहेत. ज्या गावाने परत पाठविले तेथे त्यांच्या संस्थेची मुलींची शाळा आहे.

शिक्क्याविषयी एवढे विस्ताराने लिहिले त्यास घरचे कारण आहे. आमची थोरली अक्का मॅट्रिकनंतर घरीच होती. वडिलांनी कॉलेजास पाठविले नाही. दुकानाची वही मात्र तिच्याकडून लिहून घेत. तिने १९७० च्या सुमारास याच महिला विद्यापीठाच्या परीक्षा बाहेरून दिल्या, स्वयंपाकघरात कंदील लावून. बी.ए. झाली. शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज घेऊन एका कार्यालयात गेली, तेव्हा तेथील कारकुनाने प्रमाणपत्र उलटसुलट करून ‘ही बायकांची पदवी इथे चालते का, ते विचारावे लागेल’ असे सांगून तिला परत पाठविले. कायदा होऊन तेव्हा वीस वर्षे झाली होती. सोबत मी होतो, दहा वर्षांचा. अक्का काही बोलली नाही. दुसऱ्या आठवड्यात सरकारी आदेशाची नक्कल मिळवून ती पुन्हा गेली आणि जागा घेऊनच आली. पुढे तीस वर्षे तिने मराठी शिकविले.

हा लेख छापावयास देण्यापूर्वी तिला वाचून दाखविला. तिने शुद्धलेखनाच्या सात चुका काढल्या आणि कंदिलाचे वाक्य खोडावे असे सांगितले, कारण घरात तेव्हा वीज होती. फक्त रात्री नवानंतर वडील दिवा मालवीत. वाक्य मी तसेच ठेवले आहे, पण तिचे म्हणणेही येथे नोंदवितो.