ऑनलाइन अध्यापन-व्यवस्थापन प्रणाली आणि प्राध्यापक : वापरसुलभतेच्या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा (विशेष संदर्भ : बदलापूर परिसर)

प्रस्तावना :
ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हा पट्टा मुंबई विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. विद्यापीठाने स्वीकारलेली संगणकीय प्रणाली येथील संलग्न महाविद्यालयांतील प्राध्यापकांना वापरावीच लागते. तिच्या निवडीत त्यांचा सहभाग क्वचितच असतो. प्रणाली अवघड गेली, की प्राध्यापकांना संगणक जमत नाही, असे सहज म्हटले जाते. हे मत इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रारंभीचे प्रयत्न :
अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये 'प्लेटो' ही संगणकाधारित अध्यापन प्रणाली सुरू झाली. शिक्षकाला स्वतःचे पाठ रचता यावेत, म्हणून पुढे तिच्यासाठी 'ट्यूटर' ही स्वतंत्र भाषा तयार करण्यात आली. १९९० च्या दशकाच्या मध्यात कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात मरे गोल्डबर्ग या संगणकशास्त्राच्या अध्यापकाने 'वेबसीटी' निर्माण केली. ऑस्ट्रेलियातील कर्टिन विद्यापीठात वेबसीटीची व्यवस्था पाहणाऱ्या मार्टिन डुजियामास यांना तिच्या मर्यादा जाणवल्या. त्यांच्या 'मूडल' या मुक्त प्रणालीची पहिली पूर्ण आवृत्ती ऑगस्ट २००२ मध्ये प्रसिद्ध झाली.

या तिन्ही प्रयत्नांमागे अध्यापनाचा निकटचा अनुभव होता. पुढे मात्र खरेदीचा निर्णय संस्थांच्या प्रशासनाकडे गेला. सुविधांची यादी जितकी लांब, तितकी प्रणाली सरस, असे समीकरण रूढ झाले. परिणामी एक टिपण चढवण्यासारख्या साध्या कामासाठीही अनेक पर्यायांतून वाट काढावी लागू लागली. वापरसुलभतेच्या १९९८ च्या आंतरराष्ट्रीय मानकात परिणामकारकता, कार्यक्षमता व वापरकर्त्याचे समाधान हे तीन निकष दिले होते. यादीच्या लांबीला त्यात स्थान नव्हते. मूडलनेही आपल्या मांडणीची व्यापक पुनर्रचना २०२२ च्या चौथ्या आवृत्तीत केली.

मराठी अध्यापकाची अडचण :
मराठी माध्यमाच्या प्राध्यापकापुढे लिपीचा प्रश्नही होता. २००० नंतरच्या दशकात बरीचशी मराठी टिपणे युनिकोड नसलेल्या टंकांत होती. तो टंक नसलेल्या संगणकावर ती उघडली, की निरर्थक चिन्हे दिसत. मूडलने २००६ मधील १.६ या आवृत्तीत युनिकोड पूर्णपणे स्वीकारले. परंतु जुनी टिपणे रूपांतरित करण्याचे श्रम अध्यापकाच्याच वाट्याला आले.

२०१७ चा अनुभव :
मूल्यांकन हे अध्यापन-व्यवस्थापनाचेच अंग होय. मुंबई विद्यापीठाने २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय सर्व शाखांसाठी एकाच वेळी लागू केला. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिकांचा हा प्रश्न होता. पूर्वतयारी व प्रशिक्षण यांसाठी पुरेसा अवधी मिळाला नाही. प्रणालीत प्रवेश न मिळणे, सर्व्हर संथ होणे, मूळ उत्तरपत्रिका व पुरवणी यांची जुळणी चुकणे अशा तक्रारी पुढे आल्या. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली आणि निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले. उच्च शिक्षणाच्या प्रवेशासाठी निकालाची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्यांचे नुकसान झाले. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. बदलापूरपर्यंतच्या संलग्न महाविद्यालयांना हा केवळ मुंबईतील वाद नव्हता. त्यांचे विद्यार्थी याच निकालांवर अवलंबून होते.

त्याच वर्षी 'नॅक'च्या सुधारित मूल्यांकन चौकटीत माहिती-तंत्रज्ञानाची साधने वापरणाऱ्या शिक्षकांचे प्रमाण विचारले गेले. किती शिक्षक साधन वापरतात, हे मोजले गेले. ते त्यांना किती सोयीचे आहे, हे त्या प्रमाणात दिसणारे नव्हते.

टाळेबंदीनंतर :
मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली. तेव्हा महाराष्ट्रातील असंख्य अध्यापकांनी गुगल क्लासरूम, झूम व व्हॉट्सॲप ही साधने अल्पावधीत आत्मसात केली. संगणकाशी वैर असणाऱ्या वर्गाकडून हे घडले नसते. जे साधन मोबाइलवर चालते आणि थोड्या पायऱ्यांत काम पूर्ण करते, ते स्वीकारले गेले.

निष्कर्ष :
अडचणीचे मूळ अध्यापकाच्या अनास्थेपेक्षा निवड करणारा व वापरणारा यांच्यातील अंतरात अधिक आहे. विद्यापीठापासून दूरच्या महाविद्यालयांत हे अंतर अधिक जाणवते. म्हणून कोणतीही प्रणाली सर्वत्र लागू करण्यापूर्वी अशा महाविद्यालयांतील काही अध्यापकांकडून, त्यांच्याच संगणकांवर व त्यांच्याच भाषेत, तिची चाचणी घेणे आवश्यक ठरते. २०१७ मध्ये वाचवलेल्या काही आठवड्यांची किंमत विद्यार्थ्यांना पुढे महिन्यांत मोजावी लागली.