किल्लारीची पायी फेरी

परवाच्या वीकेंडला नव्या किल्लारीतून पायीच निघालो, जुन्या गावठाणात गेलो आणि शिवारातल्या वाटेने परतलो. मंडळी, आधी आखीव रस्त्यांचं नवं गाव बघा, मग जुनं.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६. आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झालेलं. ६.२ म्हणजे जगाच्या हिशोबात फार मोठा भूकंप नाही हो! पण दगड-मातीच्या जाड भिंती, वर माळवदाची टनावारी माती.. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच छप्पर झोपलेल्यांवर आलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे १०,००० माणसं गेली.

५२ गावं नव्या जागी वसवली. पक्की घरं मिळाली, पण भिंतीला भिंत लागून असलेला शेजार प्लॉटांच्या अंतरात विरला. आणि छपराची भीती? कित्येकांनी पक्क्या घरापुढे पत्र्याची शेड घातली नि वर्षानुवर्षं झोपले तिथेच.