दोन कोशांतले अर्थ कोणी जुळवायचे?

हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड. दोन्ही कोश संगणकाला देऊन नुसती अक्षरे ताडून पाहिलीत तर जोडी बिनचूक जुळेल आणि विद्यार्थी शाळेऐवजी तुरुंगात पोहोचेल. मग अर्थ जुळले, हे ठरवायचे कोणी?

1965 मध्ये रूबेनस्टाइन आणि गुडइनफ यांनी सरळ माणसांनाच विचारले. इंग्रजी नामांच्या 65 जोड्या, 51 माणसे, आणि अर्थ किती जवळचे यासाठी 0 ते 4 गुण. यंत्राने काढलेले अर्थसाम्य आजही या गुणांशी ताडून पाहतात. 1986 मध्ये मायकेल लेस्क यांनी दोन व्याख्यांत समान शब्द किती, हे मोजण्याची युक्ती मांडली. वाक्यातला नेमका अर्थ ओळखण्यासाठी ती होती. पुढे कोश जुळवायलाही ती कामी आली.

खरी पंचाईत पुढे झाली. सेन्सेव्हल-2 (2001) या चाचणीत इंग्रजी क्रियापदांना वर्डनेटमधले अर्थ लावताना प्रशिक्षित माणसांचेच एकमत जेमतेम 71 टक्के भरले. जवळचे अर्थ एका गटात घातल्यावर ते 82 टक्क्यांवर गेले. म्हणजे दोष माणसांचा कमी, कोशाने अर्थ फार बारीक चिरल्याचा जास्त. 2007 च्या सेमइव्हल स्पर्धेत म्हणूनच वर्डनेटचे अर्थ ऑक्सफर्डच्या कोशातल्या ढोबळ अर्थांशी जोडून गट पाडले गेले.

आपल्याकडे आयआयटी मुंबईत पुष्पक भट्टाचार्य यांच्या मार्गदर्शनाखाली हिंदी वर्डनेट उभे राहिले आणि इतर भारतीय भाषांचे अर्थ त्याला जोडले गेले. इथे नाती आडवी येतात. हिंदी ‘दादा’ म्हणजे वडिलांचे वडील. इंग्रजी ‘ग्रँडफादर’मध्ये आईचे वडीलही बसतात, मराठी ‘आजोबा’मध्येही. मराठीत ‘दादा’ तर थोरला भाऊ! अशा ठिकाणी ‘समान’ असा शिक्का मारता येत नाही. ‘हा अर्थ त्याहून व्यापक’ अशी वेगळी जोडणी करावी लागते. ती ओळखायला दोन्ही भाषांत वावरलेला माणूस लागतो.

प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत ‘आमची अचूकता 90 टक्के’ असे ऐकले की मी विचारतो, माणसांचे एकमत किती होते? बहुतेक वेळा ते मोजलेलेच नसते.

तुम्ही एवढे करा. हिंदी आणि मराठी कोशांत ‘चेष्टा’ काढा. तुम्ही आणि एका मित्राने एकमेकांना न दाखवता अर्थांच्या जोड्या लावा, मग कागद अदलाबदल करा.