एका हबवर तीन-चार डोंगल लावताय? आधी करंटचा हिशोब पाहा

राजूर (ता. वणी) : पीक विम्याची मुदत संपत आली की सेवा केंद्रावर रांग लागते अन् नेमके तेव्हाच नेट जाते. त्यामुळे दोन-तीन कंपन्यांची डोंगल एकाच यूएसबी हबवर लावून ठेवणे सोयीचे पडते. एकाची रेंज गेली तर दुसरे हाताशी असते. पण हबवर लावलेले डोंगल मध्येच गुल होते, परत जोडले जाते आणि फॉर्म अर्ध्यावर राहतो. लोक सिमला दोष देतात. बहुतेक वेळा घोळ करंटचा असतो.

कॉम्प्युटरचे यूएसबी २.० पोर्ट ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर करंट देते. बिनअडॅप्टरचा हब तेवढाच करंट सगळ्यांत वाटतो. तो माऊस, पेनड्राइव्हपुरता ठीक. एकटे डोंगलच ५०० मिलिअँपिअरपर्यंत ओढू शकते. त्यात टॉवर लांब असला की सिग्नल जोरात फेकावा लागतो, करंट आणखी लागतो. म्हणून कमी रेंजच्या गावात हा त्रास जास्त.

त्यासाठी स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्यावा. चार डोंगलचे झाले २ अँपिअर. थोडी शिल्लक धरून ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टर बरा. अडॅप्टरवर छापलेले आकडे वाचूनच लावा. वायफाय राउटरचा अडॅप्टर बरेचदा १२ व्होल्टचा असतो, पिन सारखीच दिसते. तो ५ व्होल्टच्या हबला लावला तर हब अन् डोंगल दोन्ही जळू शकतात.

आणखी एक गोष्ट हमखास विसरते. लाईन गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण हबचा अडॅप्टर बंद पडतो. त्याची पिन इन्व्हर्टरच्या बोर्डातच हवी.

डोंगल तापते. एकाला एक चिकटून लावू नका, आखूड वायरने सुटी करा. लांबलचक एक्स्टेन्शन वायरमध्ये व्होल्टेज पडते. राजूरला कोळसा अन् चुनाभट्ट्यांची धूळ असतेच, रिकामी पोर्ट झाकून ठेवा.

एकाच कंपनीची दोन डोंगल लावली तर वेगळाच घोळ होतो. हुआवेच्या बऱ्याच डोंगलचा पत्ता १९२.१६८.८.१ हाच असतो. दोघांचा पत्ता एक, मग कॉम्प्युटर गोंधळतो. एकच डोंगल लावून ब्राउझरमध्ये हा पत्ता उघडा, सेटिंगमध्ये ८ च्या जागी ९ करा, मग दुसरे लावा.

तीन डोंगल लावली म्हणून स्पीड तिप्पट होत नाही. विंडोज साधारणपणे एकाच जोडणीवरून काम करते. ती जोडलेली दिसते पण नेट चालत नाही, असे झाले तर ती हाताने बंद करून दुसरी वापरावी लागते. जुने थ्रीजी डोंगल असेल तर जिओचे सिम त्यात चालणारच नाही.

एवढे करूनही एखादे डोंगल तुटत असेल तर ते सरळ कॉम्प्युटरला लावून पाहा. तिथे नीट चालले तर हब किंवा अडॅप्टर बदला. तिथेही तुटले तर रेंज, सिम नाहीतर डोंगलच तपासा.